ड्राइव्ह बंद असताना

बाहेरून येणाऱ्या वस्तूला घरात ठरलेली जागा हवी, हे माझं मत लहानपणापासूनचं. ओली छत्री मोरीत, पाहुण्याची बॅग पलंगाखाली, भाजीची पिशवी खुंटीवर. या मतापायी माझं दोन रूममेटशी कायमचं बिघडलं आणि एका बॉसशी बिघडता बिघडता राहिलं. तेव्हा लंडनमधल्या एजवेअरच्या काकांशी पहिल्याच भेटीत वाजलं, यात नवल नाही.

ही दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलो होतो, वॉटफर्डला राहायचो आणि एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचो. काका टेलिफोन इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, इंग्लंडात उभा जन्म काढलेले. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ते पुढच्या माणसाला लिनक्स या कॉम्प्युटर प्रणालीचं महत्त्व पटवत होते आणि तो बिचारा शिऱ्याकडे बघत होता. मी मागून तोंड घातलं. रांग संपेपर्यंत आमचं भांडण जुंपलं होतं आणि पुढच्या शनिवारी जेवायला येण्याचं आमंत्रणही मला मिळालं होतं.

भांडण कशावरून ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लिनक्समध्ये सी, डी असे वेगळे कप्पे नसतात. सगळा कॉम्प्युटर म्हणजे एकच घर. बाहेरची डिस्क आणली की ती घरातल्या एखाद्या फोल्डरवर लावायची, म्हणजे माउंट करायची. मग तो फोल्डर उघडला की आत डिस्कवरचा ऐवज दिसतो. पूर्वी बहुतेक जण ती /mnt नावाच्या फोल्डरवर लावत. त्या सुमारास नवा नियम आला, की काढघालीच्या डिस्कांनी /media मध्ये जावं. तिथे डिस्क आली की तिच्यापुरता फोल्डर तयार होतो, ती गेली की तोही जातो. /mnt मोकळा ठेवावा, घर चालवणाऱ्याला तात्पुरतं काही लावायचं असलं तर. मला हा नियम इतका आवडला, की मीच तो केल्यासारखा सांगत फिरायचो.

काकांना तो मुळीच मान्य नव्हता. त्यांचा एक जाडजूड ड्राइव्ह होता, निळ्या दिव्याचा, चालू असला की मधमाशीसारखा गुणगुणणारा. घरातले सगळे फोटो त्यावर. तो चालू होताच थेट /mnt वर लागेल, अशी छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, त्यांनी स्वतः लिहिली होती, आणि तिचा त्यांना नातीइतकाच अभिमान होता.

"काका, /media मध्ये लावा हो," मी दर शनिवारी म्हणायचो.

"अरे, मी या देशात उतरलो तेव्हापासून कोणी ना कोणी मला सांगतंय, तुझी जागा ही नाही, ती. आता माझ्या डिस्कलाही सांगा."

"जेवून घ्या आधी," काकू खालून ओरडायच्या. "डिस्क कुठे पळून जात नाहीये."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशातले काका. पण गायला लागले की तो माणूस वेगळाच. लंडनच्या आसपास मराठी लग्न असलं की मंगलाष्टकं म्हणायला काकांनाच बोलावणं जायचं. आवाज खणखणीत, आणि प्रत्येक जोडप्यासाठी निदान एक कडवं स्वतः रचलेलं. एकुलत्या एका मुलीच्या लग्नात ते गायले होते, आणि त्या मुलीच्या मुलीच्या लग्नातही गाणार होते. ही नात कॉव्हेंट्रीला जन्मलेली, आजोबांची लाडकी. तिचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरलं, आणि ते ठरलं त्याच महिन्यात काकांच्या फुफ्फुसांचं दुखणं कळलं.

शेवटी शेवटी त्यांना बोलतानाही धाप लागायची. मंगलाष्टकांचा विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नव्हतं. दिवाळीच्या आधी ते गेले.

काकूंचा फोन आला तो जानेवारीत, भर दुपारी, मी ऑफिसात असताना. त्या कुजबुजत होत्या, जणू घरात दुसरं कोणी आहे.

"अरे, हे बोलले."

"कोण बोलले, काकू?"

"हे. वर, कॉम्प्युटरमध्ये. मंगलाष्टकं म्हणत होते. मी घाबरून प्लग काढला. आता खाली येऊन बसलेय, पण वर जायचा धीर होत नाही."

मी म्हटलं, जुन्या लग्नाचं रेकॉर्डिंग लागलं असेल. त्या म्हणाल्या, जुनं नाही, त्यात नातीचं नाव होतं. मी त्यांना चहा करून प्यायला सांगितलं आणि फोन ठेवल्यावर माझा स्वतःचा चहा गार झालेला मला कळला नाही.

शनिवारी गेलो तेव्हा मुलगी कॉव्हेंट्रीहून आलेली होती. शाळेत शिकवायची ती. तिने मला किचनमध्ये गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"मम्मीला व्हॉइसेस ऐकू येतायत. मी तिच्या डॉक्टरशी, जीपीशी बोलले. ग्रीफमध्ये होतं म्हणे असं, पण या वयात एकटं ठेवू नका म्हणाला. वेडिंग झालं की हाउस मार्केटवर टाकायचं ठरवलंय. ती आमच्याकडे राहील, छोट्या बॉक्स रूममध्ये."

"त्यांना विचारलंस?"

"काय विचारू? ती म्हणते, बाबांनी गाऊन ठेवलंय. तू बघ एकदा कॉम्प्युटर. नसेलच काही. तू सांगितलंस तर ती ऐकेल."

म्हणजे वर जाऊन मी जे सांगणार होतो, त्यावर एका बाईचं शहाणपण आणि घर दोन्ही ठरणार होतं. असलं काम मला नको होतं. मी सर्व्हर दुरुस्त करणारा माणूस, माणसं खरी-खोटी ठरवणारा नव्हे.

मागची छोटी खोली तशीच होती. खुर्चीच्या पाठीवर काकांचा कार्डिगन. काकू दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. काकूंची एक सवय होती, भिंतीवरचे सगळे स्विच बंद करण्याची. टीव्हीचा, किटलीचा, टोस्टरचा; वस्तू बंद असली तरी चालू स्विचमधून वीज जाते असं त्यांचं मत होतं. तेव्हा मी माझ्या शिस्तीने आधी टेबलाखाली वाकून ड्राइव्हचा स्विच दाबला, निळा दिवा लागला, गुणगुण सुरू झाली, मग कॉम्प्युटर चालू केला.

फोटो होते. गणपतीचे, नातीच्या ग्रॅज्युएशनचे, बर्फातल्या बागेचे. काकांचा आवाज कुठेच नव्हता. मी फोल्डरमागून फोल्डर उघडत गेलो. नातीचं नाव घालून शोधलं, तारखांवरून शोधलं. काही नाही.

फक्त एक गोष्ट जमेना. कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची बेरीज एक येत होती, आणि डिस्क स्वतः सांगत होती की माझ्यावर याहून जास्त ओझं आहे. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. डिस्क तपासून घेतली, ती निरोगी निघाली. ओझं मात्र तेवढंच. रिकाम्या म्हणून दाखवलेल्या घरात कोणीतरी राहत असावं आणि त्याचं वजन तेवढं मीटरवर दिसावं, असा तो प्रकार. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी त्या दुपारी माझी पाठ दाराकडे होती हे मला सारखं जाणवत होतं, आणि एकदा कार्डिगनची बाही माझ्या कोपराला लागली तेव्हा मी चक्क दचकलो.

"सापडलं?" काकूंनी दारातून विचारलं.

"नाही, काकू."

त्यांनी मान हलवली. मुलगी त्यांच्यामागे जिन्यात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच ओठ हलवून थँक्यू म्हटलं. मला तिचा राग आला. स्वतःचाही आला. खाली उतरताना काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी वेडी नाहीये रे. उद्या मला सगळे वेडी म्हणतील, आणि यांनी गायलेलं इथेच पडून राहील." त्यांचा हात बर्फासारखा होता.

तो आठवडा मी कामात नव्हतोच. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. डिस्कचं ते जास्तीचं ओझं डोक्यातून जाईना, आणि काकूंचा तो हातही.

पुढच्या शनिवारी धुकं इतकं होतं, की बसच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची घरं दिसत नव्हती. पोचलो तेव्हा दुपारचे चारही वाजले नव्हते, पण दिवे लागले होते. मुलगी या खेपेला नव्हती. मी बेल वाजवली. आत पावलं वाजली, आणि पावलांच्या मागून, वरच्या मजल्यावरून, काकांचा आवाज आला.

काका गात होते. खणखणीत नव्हे, पातळ, थकलेला, प्रत्येक ओळीच्या शेवटी तुटणारा आवाज. पण काकाच. दार उघडलं. काकू समोर उभ्या होत्या, हात रिकामे, आणि आवाज वरून येतच होता.  मला आत पाऊल टाकवेना.

"ऐक," काकू म्हणाल्या. "आता तरी पटलं?"

मी बूट न काढताच जिना चढलो, त्या घरात पहिल्यांदाच. खोलीत दिवा नव्हता, फक्त स्क्रीनचा उजेड. ऐकताना मध्येच एक घरघर येत होती, रेकॉर्डिंगमधलीच. पडद्यावर तोच /mnt फोल्डर उघडा होता, जो मी मागच्या शनिवारी कोपरा न् कोपरा धुंडाळला होता. त्यात एकही फोटो नव्हता. होत्या त्या दुसऱ्याच फाइली, मी कधी न पाहिलेल्या. खोलीत काहीतरी कमी होतं, ते काय हे क्षणभर कळलं नाही. मग कळलं, गुणगुण नव्हती. निळा दिवा नव्हता. माझा हात सवयीने टेबलाखाली ड्राइव्हच्या स्विचकडे गेला.

काकूंनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

"तो दाबू नकोस," त्या म्हणाल्या. "तो दाबला की हे जातात."

मी तसाच वाकलेला राहिलो. आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं.

काकूंनी आठवडाभर एकटीने, भीत भीत, पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. पहिल्या दिवशी थंडीने गुडघा धरला होता, म्हणून फोटो बघायला बसताना खाली वाकून ड्राइव्हचा स्विच दाबायचा त्यांनी कंटाळा केला, आणि नेहमीच्या फोल्डरमध्ये दिसलेली अनोळखी फाइल उघडली. तेव्हा काका आले. मी आलो, स्विच दाबला, काका गेले. "तुझ्या ड्राइव्हला हे घाबरतात," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. फोल्डरमध्ये आधीपासून काही असलं आणि त्यावरच डिस्क लावली, तर आधीचं पुसलं जात नाही. झाकलं जातं. रांगोळीवर पाट मांडावा तसं. पाटावर बसलेला दिसतो, खालची रांगोळी दिसत नाही; पण ती असते. काकांनी रेकॉर्ड केलं त्या दिवशी ड्राइव्ह बंद होता. /mnt हा फोल्डर मात्र तिथे होताच, म्हणून प्रोग्रामने बिनतक्रार त्यातच, कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर, सगळं ठेवून दिलं. पुढे ड्राइव्ह चालू झाला आणि वर येऊन बसला.

काकूंनी पडद्यावरच्या फाइलींवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी रोज फोटो बघत होते, तेव्हा हे खालीच होते?"

"हो."

"आणि मी वर बसले होते," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसल्या की रडल्या, मला बघवलं नाही.

मग आम्ही सगळं ऐकलं, पहिल्यापासून. ती घरघर म्हणजे खाली काकू हूवर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, फिरवत होत्या. ते साधून काका गुपचूप गायला बसले होते. एकेक कडवं, मध्ये दम घेणं, पाण्याचा घोट, पुन्हा कडवं. नातीच्या नावाची अक्षरं त्यांनी ओळींच्या सुरुवातीला गुंफली होती. दर कडव्याच्या शेवटी सावधान. शेवटच्या कडव्याला आवाज अगदीच बसला. शुभमंगल म्हणाले, आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबता थांबेना. मग स्वतःशीच बोलल्यासारखे बोलू लागले.

"राहू दे. शेवटचं उद्या म्हणेन." थोडा वेळ नुसता हूवरचा आवाज. "टेबलाखालचा ड्राइव्ह बंद दिसतोय. निळा दिवा नाही. हिने स्विच बंद केलेला असणार. हाक मारावी, तर ही विचारेल काय करताय, आणि मग सांगावं लागेल की मी काही उन्हाळा बघत नाही." पुन्हा दम. "वाकवत नाही आता. असू दे, खाली राहील. तो वॉटफर्डचा शोधेल. आणि शोधून झालं की म्हणेल, काका, /media मध्ये लावायला सांगितलं होतं."

आणि ते हसले. हसण्याचा पुन्हा खोकला झाला, आणि फाइल संपली. 'उद्या'ची फाइल तिथे नव्हती.

मेलेला माणूस अंधाऱ्या खोलीत आपल्याबद्दल बोलतो आणि अगदी बरोबर बोलतो, तेव्हा काय होतं ते मला सांगता येणार नाही. कारण ते वाक्य खरंच माझ्या जिभेवर होतं. पण मान खाली घालायची वेळ माझ्याच नियमावर आली. ड्राइव्ह /media मध्ये लागत असता, तर बंद असताना तो फोल्डरच नसता. प्रोग्रामने काकांना लगेच सांगितलं असतं की जागा नाही. काका खाली वाकायला गेले असते, नाहीतर काकूंशी भांडायला, आणि त्या दिवशी जेवढा दम शिल्लक होता तेवढा त्यातच गेला असता. नियम बरोबर होता. तरी मला काका भेटले ते चुकीच्या जागी. मी खूप रडलो, आणि काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू माझंच कोणी गेलं होतं.

मग त्यांनी कॉव्हेंट्रीला फोन लावला. मुलीशी एक अक्षर न बोलता रिसीव्हर स्पीकरपाशी धरला आणि मला मानेने खूण केली. मी पहिली फाइल लावली. कडवं संपलं. पलीकडून बारीक आवाज आला, "बाबा?" आणि मग, "मम्मी, आय अ‍ॅम सो सॉरी. तू बरोबर होतीस." काकूंनी रिसीव्हर कानाला लावला आणि एवढंच म्हणाल्या, "घर विकायचं नाही हं मला."

मी सगळ्याची सीडी केली, नातीसाठी एक, मुलीसाठी एक. मूळ फाइली उचलून ड्राइव्हवर नीट ठेवतो म्हटलं, तर काकू नाही म्हणाल्या. "जिथे निजलेत तिथे निजू देत. उठवू नकोस." मी, ज्याला एक छत्री जागेवर नसली तर झोप येत नाही, त्यांना तिथेच ठेवलं.

लग्न कॉव्हेंट्रीच्या एका हॉलमध्ये झालं. नवरा गोरा, फेटा कानांवर उतरलेला, पण मनापासून उभा. काकू मागच्या रांगेत भिंतीशी जाऊन बसल्या. नवरा गेलेल्या बाईने पुढे बसू नये, हे त्यांच्या पिढीचं. नात नटलेली, शेला सांभाळत मागे आली.

"आजी, तू पुढे बस ना. आजोबाचं आवाज येणार आहे आणि तू इथे मागे?"

"मला इथून नीट ऐकू येतं," काकू म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

अंतरपाट धरला गेला. स्पीकरमधून काका गायला लागले, पाठीमागे हूवरच्या घरघरीसह. ती काढून टाकता आली असती, पण नातीनेच राहू दे म्हटलं होतं. काही नवखे पाहुणे चमकून इकडे तिकडे बघत होते, गाणारा कुठे उभा आहे म्हणून. ज्यांना माहीत होतं ते खाली बघत होते. दर सावधानला अक्षता पडत होत्या. मग शेवटचं कडवं आलं, आवाज बसला, शुभमंगल झालं आणि तिथेच मी रेकॉर्डिंग तोडलं होतं, तसं ते तुटलं. पुढचं गुरुजींनी म्हणायचं ठरलं होतं.  अंतरपाट धरलेल्या दोघांनी गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी श्वास घेतला.

त्यांच्याआधी मागून, भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या काकूंनी म्हटलं, "सावधान."

स्वयंपाकघराबाहेर ही बाई कधी गायलेली मी ऐकली नव्हती. आवाज कापरा होता, पण सूर बरोबर काकांनी सोडला तिथूनच उचललेला होता. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि वाजंत्रीची सीडी लावायची माझ्याकडे होती, ती लावायचं मी विसरून गेलो.